पाचपैकी चार

९ फेब्रुवारी

ठोकळ्या,

काल मासिक आलं. पोस्टमनने नेहमीसारखं दाराच्या फटीत अर्धवट खुपसून ठेवलं होतं, आणि मी नेहमीसारखं उभ्या उभ्याच तुझं पान उघडलं. पुढचे ते ठोकळ्यांनी बांधलेल्या मोठमोठ्या किल्ल्यांचे आणि जहाजांचे फोटो सगळे नंतर. माझ्यासाठी मासिक म्हणजे तुझं 'छोटी खोकी'. दर ऋतूला निघणारा एखादा मूठभर ठोकळ्यांचा संच, आणि सासूच्या नजरेने तपासून त्यावर तू लिहिलेलं पानभर. चाक डुगडुगतं, हिरवा रंग दोन ठिकाणी दोन छटांचा, पुस्तिकेतलं नववं चित्र चुकलंय. एकसष्टाव्या वर्षीही तुझं ठोकळ्यांचं वेड जात नाही, म्हणून हसत हसत वाचायला बसले.

हिवाळी संच. बर्फातली झोपडी, एकशे चार तुकडे. आणि शेवटी तू लिहिलंस: "झोपडीत एकच खुर्ची आहे. माझ्या वडिलांची अशीच एक खुर्ची होती. शेवटची चार वर्षं माझ्या बहिणीने त्यांना त्या खुर्चीतून उठवलं, बसवलं, पुसलं. मी वर्षातून एकदा पाहुण्यासारखा गेलो. संचाला पाचपैकी चार गुण. उरलेला एक माझ्याकडून कापा."

गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं करपलं, तेव्हा मी भानावर आले.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत वाढदिवसाच्या दोन ओळींपलीकडे आपण एकमेकांना काही लिहिलं नाही. मी म्हणत होते, आधी त्याने लिहावं. आता तू लिहिलंस, तेही चारचौघांत, छापून. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली मी, पण असं वाक्य हाताखालून गेलं नाही.

कान गेल्यापासून समोरच्याचं ओठांवरून समजतं, पण फोन म्हणजे मला कपाटाशी बोलण्यासारखं झालंय, म्हणून पत्रच लिहितेय. येऊ का रे तुझ्याकडे?

ताई


२० फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांचं उजवं मनगट दुखतंय, डॉक्टरांनी लिहायला बंदी केली आहे, म्हणून मी लिहितेय. ह्यांना फार बरं वाटलं. बराच वेळ खिडकीशी बसून होते.

तुम्ही यावं असं आम्हा दोघांनाही वाटतं, पण आत्ता नको. घरात रंगकाम काढलंय. पलंग स्वयंपाकघरात आणि भांडी पलंगावर, अशी गत आहे. मी सकाळी दुकानात जाते ती संध्याकाळी येते. सध्या चष्म्याच्या काचा घासायच्या यंत्रावर मी एकटीच आहे, दुसरी मुलगी सोडून गेली. तुमच्याकडे नीट लक्ष देता येणार नाही. थोडं ऊन पडू दे, मग बघू.

ह्यांची तब्येत छान. वसंताचा संच आलाय, फुलांची हातगाडी. त्यावर लिहिणं चालू आहे. म्हणजे हे सांगतात, मी उतरवून घेते.

तुमची,
चष्मेवाली


११ मार्च

प्रिय चष्मेवाली, आणि खिडकीशी बसलेला तो,

ऐका. काल मी खेळण्यांच्या दुकानात गेले. विकणाऱ्या पोरीने विचारलं, "आजी, नातवाचं वय किती?" मी माझंच सांगितलं, "सदुसष्ट." तिला ऐकू आलं नसेल असं समजून मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. कान माझे गेलेत, हे मी नेहमी विसरते.

तर मी ती फुलांची हातगाडी घेतली. अठ्ठ्याहत्तर तुकडे. जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल पसरून बसले, तुझं पान शेजारी. तू लिहिलंस तसंच आधी रंगांचे ढीग केले. पहिल्या तासात गाडीचा दांडा उलटा लावला, तो काढताना नख मोडलं. मग फुलं. ती इवलीशी पाच पाकळ्यांची फुलं दांड्यावर बसताना 'टक्' करतात ना, तो आवाज मला बोटातून ऐकू आला. खरंच सांगते. दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी नीट ऐकू आलं.

गाडी झाली. जरा तिरकी आहे. खिडकीत ठेवलीय.

एक सांगू? तू बदललास. पूर्वी तुझं लिहिणं म्हणजे तुझ्या पाणीपुरवठा कार्यालयातली नोंद. झडप गळते, दुरुस्ती करावी. आता वाक्यं कशी सलग वाहतात. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. म्हातारपण मानवलं तुला. की चष्मेवालीने हात फिरवला?

रंग वाळला का?

ताई


२ एप्रिल

वन्सं,

उशीर झाला, रागावू नका. तुमच्या हातगाडीचं वाचून हे हसले. दांडा सगळेच उलटा लावतात म्हणाले.

मी हात वगैरे काही फिरवत नाही. फार तर एखादा शब्द.

रंगकाम लांबलंय. रंगाऱ्याचा पाय मोडला. मेमध्ये दुकानात वर्षाची मोजदाद असते, तेव्हा मला मान वर करायला वेळ नसतो. आपण उन्हाळ्यानंतर ठरवू या. इकडची काळजी करू नका.

चष्मेवाली


१९ मे

चष्मेवाली,

तुझ्या एप्रिलच्या पत्रानंतर मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. उन्हाळी संचावरचं पान मात्र वेळेवर छापून आलं, समुद्रकाठची खोली, पट्ट्यापट्ट्यांची छत्री. म्हणजे मनगट बरं आहे आणि मला लिहायला तेवढं दुखतंय.

मी काही दुधखुळी नाही. रंगाऱ्याचा पाय मोडला, ठीक. पण त्या छोट्याशा घराला रंग द्यायला तीन महिने? त्याचं माझ्यावरचं प्रेम छापण्यापुरतंच आहे का? समोर आले तर अवघडेल, असं वाटतंय का त्याला? त्याला सांग, मी बाबांचा विषयसुद्धा काढणार नाही. जे लिहिलं ते पुरे आहे, मी तेवढ्यावर मरेपर्यंत दिवस काढीन. मला फक्त त्याच्यासमोर बसायचंय.

६ जूनचं तिकीट काढलंय. चार दिवस राहीन. भांडी पलंगावर असली तर मी भांड्यांत झोपेन.

ताई


२४ मे

वन्सं,

हे पत्र बसून वाचा.

घरात रंगकाम नव्हतं. ह्यांचं मनगट दुखत नाही. ह्यांना बाबांचाच आजार झाला आहे. तीन वर्षं होत आली.

कुठून सुरू करू? तीन वर्षांपूर्वीच्या पानगळीच्या संचापासून करते. झाड आणि खार, सत्त्याऐंशी तुकडे. एका दुपारी हे टेबलाशी बसले आणि मी संध्याकाळी दुकानातून आले तेव्हा पुस्तिकेचं सहावं पान उघडं होतं, तुकडे रंगांप्रमाणे लावलेले आणि एकही तुकडा दुसऱ्याला जोडलेला नव्हता. म्हणाले, "हा खोका सदोष आहे. यात काहीतरी कमी आहे." मी तीनदा मोजले. सगळे होते. साऱ्या गावाच्या पाइपांचे नकाशे ज्या माणसाने डोक्यात ठेवले, त्याला खारीचं शेपूट कुठे बसतं ते समजेना.

मासिकाला लेख द्यायचा दिवस जवळ आला होता. मी खार बांधली. मीच पानभर लिहिलं, त्यांच्यासारखं. त्यांना वाचून दाखवलं तर खूश होऊन म्हणाले, "चांगलं लिहिलंय मी." तेव्हापासूनचं प्रत्येक पान माझं आहे.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "ताईला सांगू नकोस. तिने बाबांचं पाहिलंय. पुन्हा नको." मी शब्द दिला. इथपर्यंत मी निर्दोष आहे असं मला वाटतं.

पण पुढचंही लिहायलाच हवं. या फेब्रुवारीत तुमचं पत्र आलं तेव्हा ते तुम्हाला ओळखत होते. तुमचं पत्र त्यांनी उशाशी ठेवलं. मार्चभर रोज सकाळी विचारायचे, "ताई आली का?" मी म्हणायचे, "येईल." आणि तुम्हाला लिहायचे, येऊ नका.

का, ते मी स्वतःला खूपदा विचारलं. तुम्ही आला असतात तर सगळं तुमच्या हातात गेलं असतं. तुम्हाला या आजाराचं सगळं येतं, मला काहीच येत नाही. तुम्ही मला बाजूला सारलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. दुसरं म्हणजे मला ती पानं लिहायला आवडायला लागलं होतं. लोक संपादकांना पत्रं पाठवायचे की अलीकडे लेखणीला धार आली आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या नजरेसाठी काचा घासणाऱ्या बाईला कोणी असं म्हणत नाही, वन्सं. तुम्ही आला असतात तर पहिल्या दिवशी उघड झालं असतं.

एप्रिलच्या मध्यावर त्यांनी विचारणं बंद केलं.

आणि झोपडीतल्या खुर्चीबद्दलचं ते वाक्य त्यांचं नव्हतं. माझं होतं. मला वाटलं होतं, ते कधी म्हणाले नाहीत आणि आता म्हणू शकणारही नाहीत, तर कोणीतरी म्हणावं. तुमचं पत्र आलं तेव्हा मी काय केलंय ते मला समजलं, पण तोवर तुम्ही इतक्या आनंदात होता.

यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी आता नको म्हणणार नाही.

चष्मेवाली


३१ मे

सहा तारखेला येते. स्टेशनवर कोणी येऊ नये.


१८ जून

चष्मेवाली,

पोहोचले त्याला आठवडा झाला. चार दिवसांत आपण दोघी मिठाची बरणी आणि औषधांच्या वेळा यांपलीकडे बोललो नाही, ते बरंच झालं. तू त्याचं नीट करतेस. नखं कापलेली असतात, अंथरूण कोरडं असतं. हे मला लिहायला हवं, म्हणून लिहिलं.

त्याच्यापाशी बसणाऱ्या शेजारणीला सुट्टी देऊन तू दुकानात गेलीस त्या तीन दुपारी काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं.

पहिल्या दुपारी मी समोर बसले. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "बाई, तुमच्या भागाचा नकाशा तयार नाही. तुमचं काम उद्या होईल." मी म्हटलं, "ठोकळ्या, मी ताई." तो म्हणाला, "हो हो, सगळ्यांनाच घाई असते."

दुसऱ्या दुपारी मी उन्हाळी संचाचा खोका त्याच्यापुढे ओतला. छत्री वगैरे त्याला नको होती. त्याने त्यातले सगळे निळे तुकडे वेचले आणि टेबलावर एकापुढे एक लावायला लागला. सरळ रेघ, मग कोपरा, मग पुन्हा सरळ. प्रत्येक सांध्यावर अंगठा दाबून बघायचा. निळे संपले तेव्हा माझ्याकडे हात केला. मी पांढरे दिले, तर नको म्हणाला. मग मला सुचलं, मी बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून तोच संच आणखी एक आणला. तिसऱ्या दुपारीही आम्ही तेच केलं. मी तुकडे देतेय, तो लावतोय. लहानपणी असंच असायचं, फक्त तेव्हा तो द्यायचा आणि मी लावायची. पाऊण तास मी सुखात होते. खोटं कशाला बोलू.

मग रेघ टेबलाच्या कडेशी आली. पुढे जागा नव्हती. तो कडेच्या खाली बघायला लागला आणि ओरडला, "पाणी सांडतंय! झडप बंद करा कोणीतरी!" मी हाताने कड झाकली, म्हटलं, बंद केली. त्याला पटेना. दोन्ही हातांनी जमिनीवरचं पाणी गोळा करत राहिला, तू येईपर्यंत. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं होतं, थोडा चिडलाय.

आता एकच विचारते. ते खुर्चीचं वाक्य. बाकीची पानं तू त्याला वाचून दाखवायचीस. ते दाखवलंस का? काय म्हणाला तो? मुंडी हलवली असेल, डोळ्यांत पाणी आलं असेल, नुसता गप्प बसला असेल तरी मला चालेल. एवढं खरं सांग आणि मी तुला दुसरं काही कधी विचारणार नाही.

ताई


२९ जून

वन्सं,

तुमचं पत्र आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरतेय. काय लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, हे मला माहीत आहे. शब्दसुद्धा तयार होते. पण तुम्ही खरं सांग म्हणालात, आणि तुमच्याशी आणखी एकदा खोटं बोलायची माझ्यात ताकद राहिलेली नाही.

वाचून दाखवलं होतं. जानेवारीतली सकाळ होती, त्यांचा तो चांगला दिवस होता. स्वतःचे बूट स्वतः बांधले होते. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं आणि टेबलावर हात आपटला. म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही. मी बाबांना न्यायला गेलो होतो. गाडी दारात उभी होती. तिनेच दिलं नाही. कापून टाक ते."

मला वाटलं, आजार बोलतोय. आजार काय वाट्टेल ते बोलतो, आदल्या आठवड्यात म्हणाले होते की आम्हाला चार मुलं आहेत. मी मान डोलावली आणि दुकानात जाता जाता लिफाफा पेटीत टाकला, ते वाक्य न कापता.

संपादकांना मी सगळं कळवलं आहे. पानगळीचा नवा खोका त्यांनी पाठवला होता, तो न फोडता परत केला. आता ते पान येणार नाही.

ह्यांचं गिळणं कमी झालंय. परवापासून सगळं पातळ करून देते.

चष्मेवाली


२३ जुलै

चष्मेवाली,

आजार बोलत नव्हता.

बाबांच्या आजाराचं दुसरं वर्ष. ठोकळ्या गाडी घेऊन आला होता. मागच्या सीटवर नवी गादी गुंडाळून बांधलेली. त्याने दोन महिने रजा काढली होती आणि खोलीचा नकाशा आणला होता, मापात काढलेला. पलंग कुठे, धरायला दांडी कुठे, खुर्ची कुठे. तुला त्याने सांगितलं नसेल. तेव्हा तू तुझ्या आईच्या आजारपणात माहेरी होतीस, आणि परत गेल्यावर त्याने तो नकाशा फाडला असेल. बाबा सकाळपासून बूट घालून बसले होते. त्यांना समजलं होतं की कुठेतरी जायचंय.

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "तुला जमणार नाही. परत जा."

तो म्हणाला, "ताई, दोनच महिने. तू जरा झोप तरी."

मी म्हटलं, "मी मागितलंय का काही?"

तो गेला. मी बाबांचे बूट काढले. ते पाय आवळून धरत होते, जोर लावून काढावे लागले. त्यानंतर तो वर्षातून एकदा आला, पाहुण्यासारखा, कारण मी त्याला पाहुण्यासारखंच बसवायची. आणि अकरा वर्षं मी प्रत्येकाला सांगत राहिले की एकटीने केलं, भाऊ फिरकला नाही. सांगता सांगता माझाच त्यावर विश्वास बसला. त्याला जमलं असतं गं. म्हणूनच दिलं नाही. लग्न नाही, मूल नाही, नोकरीत दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. बाबांचं करणं एवढीच एक गोष्ट होती जिच्यासाठी लोक मला मानायचे. तीही तो घेऊन गेला असता तर मी कोण राहिले असते?

तर माफी त्याने मागायची नव्हतीच. तू मागितलीस, मी घेतली, आणि जिच्यावर हक्क नव्हता ती वस्तू चार महिने गळ्यात घालून मिरवली. त्यातला मार्चभर तो रोज सकाळी विचारत होता, ताई आली का. बहुधा मला तेच सांगायचं असेल त्याला, कापून टाक म्हणून.

आता मी कोणाला सांगू? त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं तरी तो म्हणेल, काम उद्या होईल.

मी तुला माफ करत नाही. तू मार्च महिना घेतलास. माझ्या हिशोबाने मी त्याची अकरा वर्षं घेतली, म्हणून तुला बोलायचं तोंड मला नाही, तरीही करत नाही. तूही मला करू नकोस.

पुन्हा यायचं म्हणते आणि धीर होत नाही. गिळणं कमी झालं म्हणजे पुढे काय असतं ते मला माहीत आहे. बाबांचं मी पाहिलंय. म्हणून एक मागणं आहे. शेवट होईल तेव्हा मला पत्र लिहू नकोस. माझ्या खालच्या मजल्यावर शिंपीण राहते, तिचा नंबर मागे लिहिलाय. तिला फोन कर. ती बाई कमी बोलते. वर येईल, कागदावर दोन शब्द लिहून दाखवेल, जाईल. तेवढंच हवंय मला.

पत्र नको, कारण तू फार छान लिहितेस. तू लिहिशील की जाताना त्याने डोळे उघडले आणि 'ताई' म्हणून हाक मारली.

आणि मी ते खरं मानीन.

ताई